"झोपवून ठेवलंय": गुंगीच्या औषधांच्या तुलनेमागची गोष्ट

आयसीयूत डोकावून आलेला नातेवाईक बाहेर थांबलेल्यांना सांगतो, "झोपवून ठेवलंय." तेवढ्यानं सगळ्यांना जरा हायसं वाटतं. आत सिरिंज पंपातून मिडाझोलाम, प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन संथपणे चाललेलं असतं. यातलं कोणतं चांगलं, हा वाद डॉक्टरांमध्ये चाळीसेक वर्षं चालू आहे. तो मिटत नाही, कारण 'चांगलं' कशाला म्हणायचं हेच मधल्या काळात बदलत गेलं.

माणसाला दिवसचे दिवस गुंगीत ठेवण्याची गरज व्हेंटिलेटरमुळे निर्माण झाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी पेशंटच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवीनं श्वास द्यायला सुरुवात केली. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून त्या पिशव्या हातानं दाबत होते. पुढे हातांच्या जागी यंत्रं आली. पण सुरुवातीची यंत्रं आपल्याच ठेक्यात चालत, पेशंटच्या श्वासाची दखल घेत नसत. मग जुळवून घ्यायची पाळी पेशंटवर आली. त्यासाठी मॉर्फीन, डायझेपाम आणि वेळ पडली तर स्नायू लुळे करणारं औषध. पेशंट नळी ओढत नाही, यंत्राशी झगडत नाही, बीपी जागेवर आहे, एवढं जमलं की औषध उत्तम ठरे.

या निकषाचा खोटेपणा ग्लासगोत उघडा पडला. एटोमिडेट हे त्या काळी आदर्श वाटणारं औषध होतं: झटकन गुंगी, बीपीला जवळपास धक्का नाही. गंभीर अपघातातल्या पेशंटना ते सलग चालू ठेवलं जाऊ लागलं. तिथले डॉक्टर लेडिंगहॅम आणि वॉट यांना मृत्यू वाढलेले दिसले, म्हणून त्यांनी मागच्या काही वर्षांच्या नोंदी तपासल्या. मॉर्फीन, आणि जोडीला कधी बेंझोडायझेपिन (डायझेपाम, मिडाझोलाम ज्या गटातली, ती औषधं), दिलेल्यांत मृत्यू २८ टक्के. एटोमिडेट दिलेल्यांत ७७ टक्के. हे १९८३-८४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर कारणही सापडलं. अॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसोल तयार करणारं एक एन्झाइम एटोमिडेट बंद पाडतं, म्हणजे शरीराला संकटात ज्या हार्मोनची सर्वाधिक गरज, तेच आटतं. नळी घालताना एकच डोस म्हणून ते आजही वापरतात, सलग मात्र नाही. कुणाला कोणतं औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली ही तुलना नव्हती, त्यामुळे आकड्यांवर आक्षेप घेता येतील. तरी मला ती या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद वाटते. बेडवरचा पेशंट शांत दिसत होता, मॉनिटरवरचे आकडेही ठीक होते, आणि माणसं मरत होती.

प्रोपोफॉलची सुरुवातही अडखळतच झाली. पाण्यात न विरघळणारं हे औषध आधी क्रेमोफोर नावाच्या द्रावकात दिलं, तर अॅलर्जीच्या प्रतिक्रिया आल्या. मग सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून दुधासारखं पांढरं मिश्रण बनवलं, आणि १९८६ मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आलं. बंद केल्यावर पेशंट लवकर जागा होतो, हा त्याचा मोठा गुण. पण १९९२ मध्ये हे औषध चालू असताना दगावलेल्या पाच मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. मोठा डोस दीर्घकाळ दिल्यास रक्तातलं आम्ल वाढणं, स्नायू विरघळणं, हृदय बंद पडणं, असा धोका पुढे स्पष्ट झाला.

मिडाझोलामची अडचण वेगळी. एका डोसाचा परिणाम लवकर उतरतो, पण दिवसेंदिवस चालू ठेवलं की ते चरबीत साठतं, आणि किडनी थकलेल्या पेशंटमध्ये तर पंप बंद केल्यावरही माणूस उठत नाही. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी १२८ पेशंटांवर साधा उपाय करून पाहिला: रोज एकदा गुंगी थांबवायची, पेशंट जागा होऊ द्यायचा. व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. औषध मिडाझोलाम असो की प्रोपोफॉल, ते कसं देतो यानं एवढा फरक पडत होता! डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये आणखी पुढे जाऊन गुंगीच न देण्याचा प्रयोग केला.

याच सुमारास डिलिरियम, म्हणजे आयसीयूत पेशंट भ्रमिष्टासारखं वागू लागतो ते, मोजण्याच्या पद्धती रुळल्या. मोजायला लागल्यावर बेंझोडायझेपिनवरचा संशय बळावला. २००९ मध्ये ३७५ पेशंटांत डेक्समेडेटोमिडीनची मिडाझोलामशी तुलना झाली. भ्रमाचं प्रमाण ५४ विरुद्ध ७६.६ टक्के. शिवाय या औषधाखाली पेशंट हाक मारली की डोळे उघडतो, म्हटलं तर हात दाबतो. नवा नायक मिळाला असं वाटलं.

मग मोठ्या चाचण्या आल्या. २०१९ च्या 'स्पाइस-३' मध्ये सुमारे ४,००० पेशंट होते. डेक्समेडेटोमिडीन आणि नेहमीची औषधं, दोन्हीकडे ९० दिवसांतले मृत्यू सारखेच, २९.१ टक्के. डेक्समेडेटोमिडीनच्या गटातही निम्म्याहून जास्त पेशंटना जोडीला प्रोपोफॉल लागलं होतं. त्याच आकडेवारीत तरुण पेशंटांत मृत्यू जास्त असल्याची शंका दिसली, आणि २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं ६५ वर्षांपर्यंतच्या पेशंटांबाबत इशारा दिला. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या १,४०४ पेशंटांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. डेक्समेडेटोमिडीन किंवा त्याच जातीच्या क्लोनिडीननं नळी प्रोपोफॉलपेक्षा लवकर निघते असं सिद्ध झालं नाही. हृदयाचे ठोके मंदावण्याचं प्रमाण मात्र या दोन्ही औषधांत जास्त होतं. आणि अस्वस्थपणाचंही: पेशंट तळमळतो, नळीकडे हात नेतो, आणि सिस्टरला बेडजवळून हलता येत नाही.