लेव्हस्की : नाव गेलं, मैदान गेलं, क्लब राहिला

सप्टेंबर २०२५मध्ये फिलिपिन्सला झालेल्या पुरुषांच्या जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धेत बल्गेरियानं थेट अंतिम फेरी गाठली आणि तिथं इटलीकडून हार पत्करली. तरी रौप्यपदक मिळालं, तेही १९७०नंतर पहिल्यांदाच. त्या संघातले अलेक्सांदर आणि सिमेओन निकोलोव्ह हे सख्खे भाऊ. दोघंही बल्गेरियाची राजधानी सोफिया इथल्या ‘लेव्हस्की’ क्लबात खेळून पुढे आलेले. त्यांचे वडील व्लादिमिर हे स्वतः राष्ट्रीय संघाचे जुने कर्णधार, आणि लेव्हस्कीच्या व्हॉलीबॉल क्लबाचे अध्यक्ष.

फुटबॉल पाहणाऱ्यांनी हे नाव ऐकलेलं असतं, पण लेव्हस्की हा नुसता फुटबॉलचा क्लब कधीच नव्हता. आपल्याकडचा जिमखाना डोळ्यांपुढे आणला, की एका छपराखाली अनेक खेळ ही कल्पना लगेच कळते. फरक एवढाच, की पुढच्या काळात या जिमखान्यामागे चक्क गृहमंत्रालय येऊन उभं राहिलं, आणि त्याचं नाव काय असावं हे सत्ताधारी पक्ष ठरवू लागला.

मुळात हे नाव एका फाशी गेलेल्या माणसाचं आहे. वासिल इव्हानोव्ह कुन्चेव्ह, जन्म १८३७, गाव कार्लोव्हो. ऐन तारुण्यात संन्यासदीक्षा घेतली, मग ती सोडून ऑटोमन सत्तेविरुद्धच्या लढ्यात उतरला. ‘लेव्हस्की’ म्हणजे सिंहासारखा. सोबत्यांनी दिलेलं नाव. गावोगाव फिरून त्यानं गुप्त समित्यांचं जाळं विणलं. त्याला हवं होतं ते ‘शुद्ध आणि पवित्र प्रजासत्ताक’, ज्यात तुर्क, ज्यू आणि बल्गेरियन सगळे एका कायद्याखाली राहतील. फेब्रुवारी १८७३मध्ये सोफियात त्याला फासावर चढवलं. पुरलं कुठं, ते आजवर नक्की सापडलेलं नाही. जिंकलो तर सगळी जनता जिंकेल, हरलो तर मी एकटाच हरेन, अशा अर्थाचं त्याचं वाक्य तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

शाळकरी पोरांनीच १९१४मध्ये हे नाव उचललं. सोफियाच्या दुसऱ्या मुलांच्या हायस्कूलातले काही विद्यार्थी दोन-तीन वर्षांपासून चेंडू खेळत होते. २४ मे १९१४ला त्यांनी रीतसर क्लब काढला. २४ मे हा बल्गेरियात सिरिल आणि मेथोडियस या संतांचा, म्हणजे लिपीचा आणि शिक्षणाचा सण. त्याच दिवशी हुतात्म्याच्या नावानं क्लब काढायचा, यात त्या वयाची सगळी भाबडी ऐट दिसते. स्थापनेला दोन-अडीच महिने होतात न होतात तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पुढच्या वर्षी बल्गेरियाही त्यात ओढला गेला.

युद्ध संपल्यावर क्लब वाढला तो झपाट्यानं. १९२९मध्ये लेव्हस्कीच्या डझनभर खेळाडूंनी बहिष्कार टाकला. मागणी होती पैशांच्या हमीची आणि विम्याची. दुखापत झाली तर घर कोण चालवणार, हा त्यांचा सवाल. त्यातून देशातला पहिला अर्ध-व्यावसायिक फुटबॉल संघ उभा राहिला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९३३चं, मग १९३७ आणि १९४२.

खरी उलथापालथ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. सप्टेंबर १९४४मध्ये सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली आणि काही वर्षांतच खेळाची सगळी मांडणी सोव्हिएत धर्तीवर झाली. प्रत्येक क्लबाला कोणीतरी सरकारी वाली नेमून दिला. लष्कराचा क्लब तर नव्यानंच, मे १९४८मध्ये, उभा केला. तो पुढे सीएसकेए म्हणून गाजला. त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात लेव्हस्कीनं त्याला २-१ असं हरवलं, पण दुसऱ्या सामन्यात नवा संघ ३-१ असा जिंकला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. सोफियात या वैराला ‘वेच्नोतो डर्बी’ म्हणतात, म्हणजे कधीही न संपणारा सामना. लष्कराच्या हाती एक हुकमाचा पत्ता होता : सक्तीची सैनिकी सेवा. वयात आलेला चांगला खेळाडू गणवेश चढवायला गेला, की तो कुठल्या संघाकडून खेळेल हे सांगायला ज्योतिषी लागत नसे.

लेव्हस्कीचं नाव १९४९मध्ये पुसलं गेलं आणि ‘दिनामो’ आलं, मॉस्को-कीव्हच्या दिनामो क्लबांच्या चालीवर. १९५० आणि १९५३ची विजेतेपदं या उसन्या नावावर जमा आहेत. त्याच काळात क्लबाचं जुनं मैदानही गेलं. सरकारनं त्या परिसरात मोठं राष्ट्रीय स्टेडियम बांधलं, १९५३मध्ये ते खुलं झालं, आणि त्याला नाव दिलं ‘वासिल लेव्हस्की’. म्हणजे क्लबाची जमीन घेतली, क्लबाचं नाव काढलं, आणि तेच नाव त्या जमिनीवर चढवलं. यात कोणाचा खोडसाळपणा होता असं नाही. हुतात्मा सरकारलाही हवाच होता, फक्त पोरांनी काढलेला क्लब नको होता.

स्टालिनच्या मृत्यूनंतर वारं फिरलं आणि १९५७मध्ये नाव परत मिळालं. पण मैदानावरचे दिवस लष्कराचे होते : १९५४ ते १९६२ सलग नऊ विजेतेपदं त्यांचीच. लेव्हस्कीला १९५३नंतर थेट १९६५पर्यंत थांबावं लागलं. दरम्यान शहराच्या पूर्वेकडे, गेरेना भागात, नवं मैदान तयार झालं.

फुटबॉल उपाशी होता तेव्हा ताट भरलं ते बायकांनी. लेव्हस्कीच्या महिला व्हॉलीबॉल संघानं १९६४मध्ये युरोपियन चँपियन्स कप जिंकला. फुटबॉल संघाला युरोपातला असा चषक आजवर जमलेला नाही, आणि तरी क्लबाचा इतिहास सांगताना ही ओळ शेवटी कुठंतरी येते, हे मला खटकतं. महिला बास्केटबॉलचंही तेच. १९७८ आणि १९७९मध्ये रोंकेत्ती कप (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा), आणि १९८४मध्ये युरोपियन चँपियन्स कप. त्या शेवटच्या विजयाचं मोल कळायला आजूबाजूची वर्षं पाहावी लागतात : १९८३ची विजेती इटलीची विचेन्झा, १९८५ ते १९८८ची विजेतीही विचेन्झाच. मधलं एकच वर्ष सोफियाचं. बल्गेरियाच्या महिलांनी बास्केटबॉलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य (१९७६) आणि रौप्य (१९८०) मिळवलं, तेही याच सुमाराला.

पुरुषांच्या फुटबॉलचा चेहरा मात्र एकच : गेओर्गी अस्पारुहोव्ह. लोक त्याला ‘गुंडी’ म्हणत. आपल्याकडे गुंडी सदऱ्याला असते. तिथं या शब्दानं म्हातारी माणसं अजून हळवी होतात. उंच, देखणा, सेंटर फॉरवर्ड. एउसेबिओ ज्यात खेळत होता त्या पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबाशी झालेल्या दोन्ही सामन्यांत त्यानं गोल केले. डिसेंबर १९६८मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला १-१ असं रोखणारा गोलही त्याचाच. त्याच्या महिनाभर आधी लेव्हस्कीनं सीएसकेएला ७-२ असं लोळवलं होतं.

आणि लगेच, जानेवारी १९६९मध्ये, नाव पुन्हा बदललं. पोलिसांच्या ‘स्पार्ताक सोफिया’शी विलीनीकरण करून ‘लेव्हस्की-स्पार्ताक’ केलं आणि पालकत्व गृहमंत्रालयाकडे दिलं. एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला पोलिस, असा डर्बीचा अधिकृत चेहरा तयार झाला. मंत्रालयाचा पैसा आला, प्रशिक्षक आले, इतर खेळांचे विभाग भक्कम झाले, हे नाकारता येत नाही. पण चाहते मात्र घोषणा देताना ‘लेव्हस्की’वरच थांबत.

३० जून १९७१ला व्हितिन्या घाटात मोटार अपघातात गुंडी गेला. वय २८. सोबत त्याचा संघातला मित्र निकोला कोत्कोव्ह, तोही गेला. अंत्ययात्रेला सोफिया लोटलं. गेरेनाच्या स्टेडियमला आज अस्पारुहोव्हचं नाव आहे.

पुढची मोठी तारीख १९ जून १९८५. बल्गेरियन कपची अंतिम लढत, मैदान ‘वासिल लेव्हस्की’, समोर सीएसकेए. सामना सीएसकेएनं २-१ असा जिंकला, पण पंचांच्या निर्णयांवरून जी हाणामारी झाली तीच लक्षात राहिली. कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीनं दोन्ही क्लब बरखास्त केले. सीएसकेएचं ‘स्रेदेत्स’ झालं, लेव्हस्कीचं ‘व्हितोशा’. एक शहराचं जुनं नाव, दुसरं शहरालगतच्या डोंगराचं. लेव्हस्कीचं त्या वर्षीचं विजेतेपदही काढून घेतलं. ते पुढे परत मिळालं. काही खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांत लेव्हस्कीचा गोलरक्षक बोरिस्लाव्ह मिहाइलोव्ह होता आणि सीएसकेएचा एक कोवळा पोरगा, ख्रिस्तो स्तोइचकोव्ह. आजन्म म्हणजे किती, तर काही महिने. १९९४च्या विश्वचषकात बल्गेरिया चौथा आला तेव्हा मिहाइलोव्ह कर्णधार होता, आणि स्तोइचकोव्ह सहा गोल करून स्पर्धेतला संयुक्त अव्वल.

१९८९-९०च्या उलथापालथीत ‘लेव्हस्की’ परत आलं ते कायमचं. पण नावाबरोबर बिलंही आली. मंत्रालयाचा हात सुटला, खेळांचे विभाग वेगवेगळे झाले, प्रत्येकानं आपापला आश्रयदाता शोधला. फुटबॉलला तो मिळाला. कुस्ती-जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांना शोधतच राहावं लागलं. २००९पर्यंत फुटबॉलची २६ विजेतेपदं झाली. २००६मध्ये चँपियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचलेला हा पहिला बल्गेरियन क्लब. गटात बार्सिलोना, चेल्सी आणि वेर्डर ब्रेमेन. सहाही सामने हरले, १७ गोल खाल्ले, एक केला. चेल्सीविरुद्धचा तो एकुलता गोल मारियान ओग्न्यानोव्हचा.

२०२०मध्ये क्लब कर्जात बुडत असताना सूत्रं नास्को सिराकोव्हनं घेतली. १९९४च्या त्या संघातला हा लेव्हस्कीचा गोलवीर. त्याची बायको इलियाना राएव्हा, ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समधल्या बल्गेरियाच्या सोनेरी पिढीतली. ती राष्ट्रीय महासंघाची अध्यक्ष असताना, २०२१मध्ये टोकियोत, बल्गेरियाच्या मुलींनी सांघिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. त्या वर्षी नवऱ्याच्या क्लबात मात्र खेळाडूंचे पगार कसे भागवायचे, याचीच विवंचना चालू होती.