जाणत्यांचा शोक

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडून झाला की सगळे चार पावलं मागे सरतात आणि झाडाकडे बघत उभे राहतात. कावळा येतो, फांदीवर बसतो, पण खाली उतरत नाही. मग घरातलं कुणी मोठं माणूस पुढे होऊन हात जोडतं, "पोरीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत." पुन्हा थांबणं. कुणाला तरी भावाशी असलेला अबोला आठवतो. मग तो भाऊ पुढे येतो आणि त्याच्याच्याने बोलवत नाही. पिंडाला कावळा शिवतो की नाही, यापेक्षा त्या मधल्या वेळात जे बोललं जातं ते मला फार मोलाचं वाटतं. गेलेल्या माणसाशी चारचौघांत, मोठ्याने बोलायची मुभा तिथे असते.

तत्त्वविचाराने मात्र शोकाला इतक्या सहज जागा दिली नाही. गीतेत श्रीकृष्णाचा उपदेश सुरू होतो तोच या मुद्द्यावर: ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस, पंडित मेलेल्यांचा शोक करत नाहीत आणि जिवंतांचाही नाही. याज्ञवल्क्यस्मृती तर सांगते की आप्तांनी गाळलेली आसवं प्रेताला नाइलाजाने प्यावी लागतात, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया कराव्यात. यातलं दुसरं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते हाताला काम देतं. सुतकाचे दिवस, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, पितृपक्ष. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे शेजारपाजारचे, सोयरे जेवण आणून कडू घास भरवतात. रडू नका म्हणणाऱ्या समाजानेच दुःखी माणसाला एकटं सोडायचं नाही याची सोयही करून ठेवली.

रोममध्येही असाच पेच पडला होता. स्टोइक विचारवंत म्हणत की दुःखाच्या मुळाशी चुकीची समजूत असते, ती सुधारली की दुःख जातं. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याला हे सगळं पाठ होतं. इ.स.पू. ४५ मध्ये त्याची मुलगी टुलिया गेली, तेव्हा तो अस्टुरा इथल्या घरी एकांतात जाऊन राहिला, स्वतःचंच सांत्वन करणारा ग्रंथ लिहू लागला आणि मुलीचं देऊळ बांधायचं म्हणून जागा शोधत राहिला.

विसाव्या शतकात मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ साली मांडलं की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूने गेली. १९२९ मध्ये, ती असती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने एका मित्राला कळवलं की तीव्र दुःख ओसरतं, पण ती जागा भरून निघत नाही, आणि तेच बरोबर आहे. शोकाचे म्हणून सांगितले जाणारे 'पाच टप्पे' (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मुळात मरणासन्न रुग्णांविषयी. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. त्यातून 'अजून सावरला नाहीस?' हा प्रश्न जास्त क्रूर झाला. १९९६ च्या सुमारास काही अभ्यासकांनी फ्रॉइडच्या उलट बाजू लावून धरली: मृताशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. नदीकाठी हात जोडून बोलणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मराठीत तर हा पेच सातशे वर्षांपूर्वीच मांडला गेला आहे. 'पंडित शोक करत नाहीत' हे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीतून मराठीत समजावून सांगितलं. सहा वर्षांनी, कार्तिक वद्य त्रयोदशीला, त्यांनी आळंदीत समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग वाचावेत. ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिलं ते गुरू आणि थोरले भाऊ निवृत्तिनाथ त्यात म्हणतात की काही केल्या मन राहत नाही. बांधल्या तळ्याचा पाट फुटावा, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावं, तसं झालं आहे. आईबापांनी सोडलं तेव्हाही असं संकट वाटलं नव्हतं. इथे निवृत्तिनाथांचं ज्ञान कमी पडलं असं नामदेव कुठेही म्हणत नाहीत. उलट, निवृत्तीचं समाधान करा, असं ते देवालाच विनवतात.

आजही त्या त्रयोदशीला आळंदीत नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज समाधीचं कीर्तन करतात. हे अभंग आले की मंडपातली म्हातारी माणसं उपरण्याने, पदराने डोळे पुसतात.