सेल्फ, कार्बन आणि हरवलेले व्होल्ट

डिसेंबरातली निफाडची सकाळ. सेल्फचं बटण दाबलं की गाडीतून एकच आवाज यायचा, टक्. नशीब जोरावर असेल तर त्यामागून एक कण्हल्यासारखं ‘उंऽऽ’ यायचं, इंजिन अर्धा फेरा घ्यायचं आणि औताचा बैल तासात बसावा तसं बसकण मारायचं. गाडी २००४ सालची, दीडशे सीसीची. किक शाबूत, त्यामुळे हे दुखणं मी वर्षभर अंगावर काढलं. किक असलेल्या गाडीच्या सेल्फकडे कोण लक्ष देतो?

गॅरेजमध्ये निदान ठरलेलं होतं. “बॅटरी गेली, भाऊ.” बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा टक्. मग दुसरं निदान आलं, “आता मोटरच टाका नवीन.” इथे मात्र मी हात आखडता घेतला. हेडलाइट लख्ख लागत होता, हॉर्न शेजारच्या गल्लीत ऐकू जात होता. मग वीज नाही म्हणायचं तरी कसं?

सगळी गोम या ‘लाइट लागतो, सेल्फ लागत नाही’मध्येच आहे. ३५ वॉटचा हेडलाइट साधारण ३ अँपिअर करंट घेतो. सेल्फची मोटर जागेवरून हलताना क्षणभर १०० अँपिअरच्या घरात जाते. म्हणजे एकाच टाकीला एक ठिबकची नळी आणि एक बंब जोडलेला आहे. नळीला पाणी पुरतं म्हणून बंबालाही पुरेल, असं नसतं.

आकडे मांडून बघू. बॅटरी, तारा, रिले (बटण दाबलं की मोटरची वाट जोडून देणारा विजेचा स्विच) आणि मोटर या सगळ्यांचा मिळून रोध ०.१२ ओहम धरा. चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टची. ओहमच्या नियमाने अडलेल्या मोटरमधून १०५ अँपिअर वाहतील. आता वाटेत एका गंजलेल्या बोल्टने फक्त ०.०६ ओहमची भर घातली. करंट उतरून ७० अँपिअर झाला. सेल्फसारख्या कायमचुंबकाच्या मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, थेट करंटच्या प्रमाणात असतो. म्हणजे एका बोल्टने मोटरची तिसऱ्या हिश्श्याची ताकद खाल्ली. त्याच बोल्टमधून हेडलाइटचे ३ अँपिअर गेले तर ०.१८ व्होल्टचा फरक पडेल, तो डोळ्याला दिसणारही नाही.

आणि ही ताकद कमी पडते नेमकी कुठे? पिस्टन वर येऊन हवा दाबतो तिथे. दाबाच्या त्या एका चढाला मोटरला सगळा जोर लावावा लागतो. तो चढ पार झाला की पुढचे फेरे वेगाच्या भरात निघून जातात. म्हणून अशक्त सेल्फ बहुतेक वेळा अर्ध्या फेऱ्यावर अडतो. थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते, म्हणजे काम वाढतं आणि मजूर कमी होतात. निफाडचा पारा एक आकड्यावर येतो तेव्हा उन्हाळ्यात लपलेलं दुखणं बाहेर पडतं ते यामुळे.

फिरणाऱ्या मोटरची आणखी एक खोड माहीत असायला हवी. मोटर फिरू लागली की ती त्याच वेळी जनरेटरही असते. चुंबकीय क्षेत्रात तारा फिरल्या की त्यांच्यात उलट दिशेचा विद्युतदाब तयार होतो आणि तो बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. वेग वाढेल तसा हा विरोध वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो. मोटर अडली की विरोध शून्य, मग करंट बेलगाम. घरातल्या मिक्सरमध्ये ओल्या डाळीचा गोळा अडकला की पातं थांबतं, मिक्सर घुमतो आणि दहा सेकंदांत जळका वास येतो, तो यामुळेच. तिथे आई ओरडते, “बंद कर आधी!” सेल्फच्या बाबतीत ओरडणारं कोणी नसतं. आपण बटण दाबूनच धरतो आणि मोटरची गुंडाळी तापत राहते.

खरं तर सेल्फची मोटर मुळातच थोडक्या वेळासाठी बनवलेली असते. तिचा जनक चार्ल्स केटरिंग. हा माणूस आधी अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि दुकानदारांच्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला झटका जोराचा लागतो, पण क्षणभरच. त्यामुळे लहान मोटरवर थोडा वेळ भरमसाट भार टाकला तरी चालतं. हेच गणित मोटारीला लावून १९११ साली त्याने सेल्फ स्टार्टर जमवला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. दुचाकीत हा प्रयोग लगेच झाला. इंडियन मोटरसायकलच्या कारखान्याने १९१४ साली ‘हेंडी स्पेशल’ ही बटणाची गाडी काढली, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना ते झेपलं नाही आणि गाडी मागे घ्यावी लागली. आपल्याकडे १९८४ साली किनेटिक होंडा आली तेव्हा बटणावर चालू होणारी स्कूटर बघायला लोक थांबत. असो. केटरिंगच्या गणिताचा घरगुती अर्थ एवढाच, की एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये मोटरला थंड व्हायला उसंत द्यावी.

आता मोजणी. साधा मल्टिमीटर घेऊन कोणी ०.०६ ओहम मोजायला गेलं तर हाती काही लागत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो. म्हणून मेकॅनिकच्या जगात एक झकास युक्ती आहे. रोध मोजायचाच नाही. सेल्फचा मोठा करंट वाहत असताना, वाटेतल्या कोणत्या तुकड्यावर किती व्होल्ट सांडतात ते मोजायचं. एरवी न दिसणारा रोध शंभर अँपिअरच्या धक्क्याला स्वतःहून तोंड उघडतो.

त्याआधी इंजिन चालू होऊ नये याची सोय हवी. गाडी न्यूट्रलला टाकून किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, बंद करावा. काही गाड्यांत त्याने सेल्फही बंद होतो. तसं असेल तर प्लगची टोपी काढून तिच्यात जुना प्लग खोचावा आणि त्याचा धातू इंजिनला टेकलेला राहील असं बघावं. टोपी उघडी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, ठिणगीला वाट मिळाली नाही तर सीडीआयचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचं, नुकसान होऊ शकतं. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो कुठून येतो ते शोधावं, बाकी सगळं नंतर.

पहिलं माप थेट बॅटरीच्या दोन टोकांवर. माझी बॅटरी स्वस्थ असताना १२.६ दाखवत होती. एवढ्यावर खूश व्हायचं नाही, कारण बसलेल्या पैलवानाला बघून त्याची ताकद कळत नाही. सेल्फ दाबलेला असताना काय होतं ते बघायचं. माझ्याकडे इंजिन चढावर अडलेलं, मोटर कण्हतेय आणि बॅटरीवर ११.२ व्होल्ट!

हा आकडा बघून मी दोनदा तपासलं. बॅटरी मेलेली असती तर व्होल्टेज ८-९वर कोसळलं असतं. तेव्हा रिलेची खडखड ऐकू येते, टकटकटकटक. कारण रिले चिकटला की व्होल्टेज पडतं, ते पडलं की रिले सुटतो, सुटला की व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा चिकटतो. माझ्याकडे एकच टक्, आणि व्होल्टेज जवळपास जागेवर. यातून एक हिशोब निघतो आणि माझ्या मते सेल्फच्या सगळ्या निदानाचं सार तोच आहे: व्होल्टेज खूप पडलं तर एक तर बॅटरीत दम नाही, नाहीतर मोटर करंट नको तितका ओढतेय. व्होल्टेज पडलंच नाही तर करंट वाटेत कुठेतरी अडलाय. नवी बॅटरी मी उगाचच घेतली होती.

मग वाट शोधली. एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर, दुसरी मोटरच्या बोल्टवर, आणि सेल्फ दाबला. ०.३ व्होल्ट. ठीक, अर्ध्या व्होल्टच्या आत चालतं, म्हणजे रिलेही निर्दोष. आता अर्थिंगची बाजू, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट. एक काडी निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे ०.२च्या आत आकडा हवा. आला १.२६! जाड काळी तार इंजिनला जिथे बोल्टने आवळली होती तिथे वरून सगळं घट्ट होतं. बोल्ट सोडल्यावर आत पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड, वर कोणीतरी मारलेला रंग आणि वीस पावसाळ्यांचा चिखल. पॉलिश पेपरने लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) आणि इंजिनचा तो डाग चकचकीत होईपर्यंत घासला, आवळला आणि वरून ग्रीस फासलं. आकडा उतरून ०.०८ झाला.

सेल्फ सुधारला, पण थोडाच. बॅटरीवर अजूनही ११ व्होल्ट, इंजिन अजूनही चढावर अडतंय. बाहेरची वाट मोकळी असेल तर अडथळा मोटरच्या पोटातच. शिवाय एक पुरावा आधीच हाताशी होता. मोटर मुकी झाली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिला दोन टिचक्या मारल्यावर ती चालायची. हा इलाज सगळ्या गॅरेजांत चालतो आणि तो अंधश्रद्धा नाही. मोटरच्या फिरत्या भागावर टेकून त्याला करंट पोचवणारे छोटे ठोकळे म्हणजे कार्बन; खाचेत अडकलेला कार्बन त्या धक्क्याने पुन्हा टेकतो. हातोडी मात्र मारू नका. मोटरच्या आत फेराइटचे चुंबक डिंकाने चिकटवलेले असतात आणि फेराइट कपबशीच्या जातीचं, ठिसूळ.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून मोटर उतरवली. खोलण्याआधी दोन्ही झाकणांवर आणि मधल्या डब्यावर खिळ्याने आडव्या रेघा ओढल्या. झाकण भलत्या कोनात बसलं तर मोटर उलटीसुद्धा फिरू शकते. झाकण निघालं आणि आतून काळी पेस्ट टपकली. शाफ्टचं ऑइल सील कडक होऊन चिरलं होतं, तिथून इंजिनचं ऑइल आत पाझरलं आणि कार्बनच्या भुकटीत कालवलं गेलं. कार्बन स्वतः खाचेत रुतून बसलेले. ओढून काढले तर कसेबसे साडेचार मिलिमीटर उरलेले, दुकानातून आणलेले नवे दहाच्या आसपास. इतक्या झिजलेल्या कार्बनपर्यंत स्प्रिंगचा जोर पोचतच नाही. तो नुसता टेकतो, दाबला जात नाही.

आपण त्यांना कार्बन म्हणतो, पण सेल्फच्या कार्बनमध्ये तांब्याची पूडही मिसळलेली असते. ग्राफाइट निसरडं, फिरत्या तांब्यावर घासूनही त्याला फार ओरबाडत नाही. तांबं त्यात करंट वाहायची सोय करतं. हे कार्बन ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं. गुंडाळी फिरेल तसा तिच्यातला करंट नेमक्या वेळी उलटा करायचं काम त्याचं. तो उलटला नाही तर मोटर थोडी सरकून तिथेच थबकेल. पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक असतं. वर्षानुवर्षं तांबं झिजतं, अभ्रक झिजत नाही आणि शेवटी ते पट्ट्यांच्या वर डोकं काढतं. मग कार्बन तांब्याला टेकण्याऐवजी अभ्रकावरून उड्या मारतो, ठिणग्या पडतात, पट्ट्या काळवंडतात.

माझा कॉम्युटेटर चुलीवरच्या तव्यासारखा दिसत होता. झीरो पेपरची पट्टी त्याच्याभोवती धरून आर्मेचर (गुंडाळीसकट फिरणारा भाग) फिरवत फिरवत तांब्याचा रंग परत आणला. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून पातळ केला आणि एकेका खाचेतलं अभ्रक हलक्या हाताने खरवडलं. तासभर मान मोडून केलेलं काम, पण त्यात एक सुख आहे, कानातला मळ निघाल्यासारखं. नंतर मीटरने शेजारच्या पट्ट्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत ना हे पाहिलं आणि कुठलीही पट्टी शाफ्टशी जोडलेली नाही ना, हेही. पट्टी आणि शाफ्टमध्ये मीटर वाजला तर गुंडाळी आतून जळलेली असते आणि मग पॉलिश पेपर बाजूला ठेवून आर्मेचर बदलावं लागतं. माझं वाचलं.

नवे कार्बन, नवं ऑइल सील, नवी ओ-रिंग. जोडताना एकच अडचण येते, स्प्रिंग कार्बनला पुढे ढकलते आणि कॉम्युटेटर आत शिरत नाही. कार्बन मागे खेचून स्प्रिंगचं टोक त्याच्या कुशीला दाबून ठेवायचं, म्हणजे तो तिथेच अडकून राहतो. आर्मेचर बसलं की टोक पुन्हा पाठीवर सरकवायचं. बुशला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याला, ग्रीसचा अगदी हलका हात, कॉम्युटेटरला एक थेंबही नाही.

गाडीवर चढवून पुन्हा मीटर लावला. बटण दाबल्याबरोबर बॅटरीवरचा आकडा ९.९पर्यंत खाली गेला, लगेच १०.८वर आला आणि इंजिन खर्रर्र करत सरळ पेटलं. दुरुस्तीनंतर व्होल्टेज आधीपेक्षा जास्त पडलं होतं, कारण आता कुठे मोटर बॅटरीकडून पोटभर करंट घेत होती.

परवा मात्र नवीनच प्रकार झाला. बटण दाबलं, मोटर सूंऽऽ करून सुसाट फिरली आणि इंजिन जागचं हललं नाही. हा वन-वे क्लच, म्हणजे मोटरचा फेरा एकाच दिशेने इंजिनला देणारा जोड, घसरल्याचा आवाज. तो इंजिनच्या पोटात, मॅग्नेटच्या मागे असतो, त्यासाठी ऑइल काढून कव्हर खोलावं लागतं. रविवार मिळेपर्यंत किक आहेच.