क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल)

अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींची बेसुमार पैदास होणारा, सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. तीव्र ल्युकेमियात अपक्व पेशी माजतात. इथे पेशी बऱ्यापैकी पक्व होतात, म्हणून माणूस महिनोन्‌महिने हिंडता-फिरता असतो. पुष्कळदा भलत्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी 4 ते 11 हजारांऐवजी लाखाच्या पुढे निघतात आणि आजार उघडकीस येतो. डाव्या बरगडीखाली जडपणा आणि चार घासांतच पोट भरणे ही पाणथरी वाढल्याची खूण.

1960 साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक खुरटे गुणसूत्र आढळले. ते खुरटे का, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये उलगडले. गुणसूत्रांच्या फोटोंची कात्रणे त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते, असे मुले चिडवत. 9व्या आणि 22व्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली होती. सांध्यावर बीसीआर व एबीएल ही जनुके जुळतात आणि त्यांतून बनणारे टायरोसिन कायनेज हे विकर (एन्झाइम) बटण अडकलेल्या घंटीसारखे पेशीला विभाजनाचा इशारा देतच राहते. ही चूक जन्मानंतर मज्जेतल्या एका मूळ पेशीत घडते, त्यामुळे ‘मुलांना होईल का?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे.

पूर्वी बुसल्फान किंवा हायड्रॉक्सियुरिया या औषधांनी पेशींचे आकडे उतरत, पण रोग थांबत नसे; काही वर्षांत तो तीव्र रूप घेई. 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब थेट त्या विकराच्या खोबणीत बसून ते बंद पाडते. नेहमीचा डोस रोज 400 मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह. भारतात मूळ गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर, तर देशी जेनेरिकचा दहा हजारांच्या आसपास होता. पेटंटचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1 एप्रिल 2013 रोजी पेटंट कायद्याच्या कलम 3(ड)च्या आधारे मूळ गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला गेला.

बरे वाटते म्हणून गोळ्या चुकवणे हे उपचार फसण्याचे मोठे कारण. दुसरे कारण म्हणजे विकराची खोबणीच बदलणे. टी315आय या बदलापुढे इमॅटिनिब चालत नाही, तिथे पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिब लागते. ठरावीक महिन्यांनी पीसीआर ही रक्तातील जनुकीय तपासणी करून बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजतात, 0.1 टक्क्याच्या खाली आले की उपचार नीट लागू पडले असे धरतात. ते त्याहूनही खाली कित्येक वर्षे टिकले, तर निवडक रुग्णांची गोळी देखरेखीखाली थांबवून पाहतात. सुमारे निम्म्यांत रोग परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू केली की तो सहसा आटोक्यात येतो.