मागचा दिवा पेटतो, म्हणजे ब्रेक लाइटचा बल्ब चांगलाच असतो का?

‘पिकअपचा मागचा लाल दिवा रात्री पेटत असेल तर बल्ब चांगला आहे, ब्रेक दाबल्यावर प्रकाश वाढत नसेल तर वायरिंग बदला,’ असा सल्ला बरीच वर्षे फिरतो आहे. बाहेरून बल्ब एकच दिसत असल्यामुळे तो पटण्यासारखाही आहे.

वस्तुतः अनेक पिकअपमध्ये या जागी १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा बल्ब असतो आणि त्याच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या बारीक तारा, असतात: ५ वॅटचे रात्रीच्या दिव्यासाठी, २१ वॅटचे ब्रेकसाठी. त्यामुळे एक तुटले तरी दुसरे पेटत राहते.

पडताळणी सोपी आहे. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागून पाहावे. एकाच बाजूला प्रकाश वाढत नसेल, तर दुसऱ्या बाजूचा चालू बल्ब तिथे लावावा. तो नीट पेटला तर दोष जुन्या बल्बचाच, आणि त्यासाठी वायरिंग उकलण्याचे कारण नाही. तोही पेटला नाही, तर बल्ब बसतो त्या होल्डरमधला गंज आणि अर्थिंगची (दिव्यातला प्रवाह गाडीच्या धातूच्या सांगाड्याकडे परत नेणारी) तार पाहावी, कारण चिखलपाणी खाणाऱ्या मालवाहू गाडीत दोष पुष्कळदा इथेच सापडतो. ब्रेक दाबल्यावर शेजारचा इंडिकेटर मंद उजळत असेल तर संशय अर्थिंगवरच घ्यावा. दोन्ही बाजू एकदम बंद असतील, तर आधी फ्यूज आणि पेडलजवळचा ब्रेक स्विच तपासावा. फ्यूज उडालेला असल्यास त्याच अँपिअरचा घालावा. एलईडी दिव्यांना मात्र दोन फिलामेंटचा हा हिशेब लागू होत नाही.