बॅथिनोमस आणि रानपिंगळा

बॅथिनोमस जायगँटिअस हा खोल समुद्राच्या तळावर राहणारा कवचधारी प्राणी, तर रानपिंगळा हे मध्य भारतातील सागाच्या जंगलातले छोटे घुबड. त्यांचे नाते काहीच नाही. तरीही दोघांची शास्त्रीय नोंद एकाच दशकात झाली आणि दोघांचीही ‘क्वचित दिसणारा’ अशी ख्याती झाली. या ख्यातीची कारणे मात्र अगदी वेगळी आहेत, आणि तुलना करावीशी वाटते ती त्यासाठीच.

कुंडी उचलल्यावर खाली सापडणारा, डिवचला की अंगाची गोळी करणारा राखाडी किडा हा बॅथिनोमसचा जमिनीवरचा भाऊबंद. बॅथिनोमस साधारण १९ ते ३६ सेंटिमीटर लांब भरतो, म्हणजे मोठा नमुना २३ सेंटिमीटरच्या रानपिंगळ्याहूनही लांब. पायांच्या सात जोड्या, जाड, खंडाखंडांचे कवच आणि हजारो भिंगांचे संयुक्त डोळे. पोटाखालच्या पिशवीत मादी अंडी सांभाळते. पिल्ले प्रौढासारखीच दिसतात, फक्त पायांची शेवटची जोडी नसते. मुख्य अन्न म्हणजे वरून तळाशी येणारी मेलेली जनावरे. ते कधी मिळेल याचा भरवसा नसल्याने उपास काढण्याची क्षमता अचाट: जपानच्या तोबा मत्स्यालयातील एका बॅथिनोमसने २ जानेवारी २००९ नंतर काही खाल्ले नाही आणि तो मेला फेब्रुवारी २०१४ मध्ये.

रानपिंगळ्याला असे उपास परवडणारे नाहीत. सरडे, उंदीर, बेडूक, किडे तो टिपतो, तेही बहुधा दिवसाढवळ्या. थंडीत सकाळी निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसलेला आणि शेपूट झटकन आजूबाजूला हलवणारा पक्षी हा तोच असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी डोके पाहावे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच.

बॅथिनोमसचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फाँस मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील एका अपरिपक्व नरावरून केले. तो १७० ते २,१४० मीटर खोलीवर राहतो. तिथे माणूस जात नाही, एवढेच त्याच्या दुर्मीळपणाचे रहस्य.

रानपिंगळ्याचे तसे नव्हते. त्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशातून काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक नोंदच नाही. दरम्यान ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्या चिठ्ठीनिशी आपल्या नावावर केलेला. त्या खोट्या ठिकाणावर विसंबून पक्षी शोधणाऱ्यांच्या हाती काही लागणे शक्यच नव्हते. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघड केली. जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर आला. ११३ वर्षे तो हरवला होता तो कागदोपत्री. सातपुड्यात त्याचा मुक्काम हलला नव्हता.

त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट, यावल आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा इथेही तो आढळला. २०१८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले. वृक्षतोड, शेतीसाठी जंगल साफ करणे आणि जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची शिकार हे त्याच्यापुढचे धोके आजही आहेत.