सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी : विकाराची वाढ

मेंदूच्या आवरणांतील आणि बाह्य थरातील लहान रोहिण्यांच्या भित्तीत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचत जाण्याच्या विकाराला सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी म्हणतात. उतारवयात मेंदूच्या खंडांमध्ये, म्हणजे पृष्ठभागाजवळ, होणाऱ्या रक्तस्रावाचे हे एक प्रमुख कारण. रोगाचे निदान बहुधा रक्तस्रावानंतरच होते. रोग मात्र त्याआधी कित्येक वर्षे मुरत आलेला असतो.

चेतापेशी हे प्रथिन आयुष्यभर तयार करतात. त्याचा काही निचरा रोहिण्यांच्या भित्तीतूनच, स्नायुपेशींना वेढणाऱ्या पटलांलगत होतो. वयोमानाने ही वाट तुंबते. अल्झायमरमध्ये चेतापेशींदरम्यान साचणाऱ्या चकत्यांत ४२ अमिनो आम्लांचा प्रकार जास्त असतो, तर वाहिन्यांत ४० अमिनो आम्लांचा, अधिक विरघळणारा प्रकार सापडतो.

व्हॉनसॅटेल व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये भित्तीच्या हानीच्या तीन श्रेणी मांडल्या. आरंभी स्नायूंच्या थराच्या बाहेरच्या कडेला पातळ लेप दिसतो. पेशी शाबूत असतात. पुढे स्नायुपेशी नाहीशा होऊन त्यांची जागा अमायलॉइड घेते. तीव्र अवस्थेत भित्तीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि आडव्या छेदात एका नळीत दुसरी नळी बसवल्यासारखी दिसते. बारीक फुगवटे येतात, रक्त झिरपू लागते. स्नायू गेले की वाहिनीचे आकुंचन-प्रसरणही मंदावते. निचऱ्याला रेटा याच हालचालीतून मिळतो असे मानले जाते. म्हणजे साचलेले प्रथिन पुढच्या साचण्याची सोय करून ठेवते.

हा क्रम जिवंत माणसांत उलगडला तो नेदरलँड्समधील काटवाइक या किनारी गावाशी निगडित घराण्यांमुळे. तिथे एका जनुकीय बदलामुळे हा विकार पिढ्यान्‌पिढ्या, आणि बराच लवकर, होतो. लुकलुकणारा चौकडीचा पट पाहताना मेंदूच्या मागच्या खंडाचा रक्तपुरवठा वाढायला हवा. बदल वाहणाऱ्यांत हा प्रतिसाद पहिल्या रक्तस्रावाच्या पुष्कळ आधीच मंदावलेला आढळला. २०२३ मध्ये मांडलेल्या चौकटीत चार टप्पे आहेत : प्रथिन साचणे, वाहिन्यांचा प्रतिसाद घटणे, रक्तस्रावाविना मेंदूची हानी आणि शेवटी रक्तस्राव. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दोन-तीन दशके जातात.

विकाराला मागचा खंड विशेष मानवतो; तिथून तो इतर खंडांत व लहान मेंदूत पसरतो. मेंदूचा खोल भाग व मस्तिष्कस्तंभ बराच काळ वाचतात, त्यामुळे खोलवरचा रक्तस्राव दिसला की संशय आधी उच्च रक्तदाबावर जातो. एपीओई जनुकाचे वागणे तर चमत्कारिकच : त्याचा ई४ प्रकार साचणे वाढवतो, तर अल्झायमरपासून काहीसे संरक्षण देणारा ई२ इथे आधीच भरलेली भित्ती फोडायला हातभार लावतो.

एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके आणि पृष्ठभागावर लोहाची किनार दिसते. ही किनार पसरलेली असेल तर पुढच्या रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. निदानासाठी बोस्टन निकष वापरतात. त्यांची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली.

साचणे उलटवणारा उपचार नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणारी औषधे जपून देणे, इतकेच हाती आहे. लेकॅनेमॅबसारखी अमायलॉइड हटवणारी अल्झायमरची औषधे देतानाही वाहिन्यांची अवस्था पाहावी लागते, कारण त्यांच्या वापरात मेंदूला सूज येण्याचा व सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका या रुग्णांत अधिक असतो.